न दुमडलेला कोपरा

थोर माणसं मरत नाहीत. राज्याच्या पहिल्या कारभाऱ्यांच्या दीडशेव्या जयंतीसाठी नेमलेल्या स्मृतिसमितीच्या इतिवृत्तात हे वाक्य ठराव क्रमांक एक म्हणून नोंदवलेलं आहे आणि तो ठराव एकमताने मंजूर झाला. ठराव क्रमांक दोन असा होता की, थोरले नेमके कोणत्या साली वारले हे रेकॉर्ड रूमकडून विचारून घ्यावे.

विचारायला शिपाई तळघरात उतरला तेव्हा रेकॉर्डबाई स्टुलावर चढून वरच्या फळीवरचा गठ्ठा काढत होत्या.

"अठ्ठ्याहत्तर वर्षं झाली," त्यांनी मान न वळवता सांगितलं. "बुधवार होता."

शिपायाला फक्त साल हवं होतं. वार ऐकून तो जरा बिचकला आणि जिना चढून गेला.

रेकॉर्डबाईंचं खरं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथून ते सहसा बाहेर पडत नसे. एकतीस वर्षं त्या मुख्य कचेरीच्या तळघरात होत्या. पुढच्या वर्षी सुटणार होत्या. वरच्या मजल्यावरची माणसं त्यांच्याकडे दोनच कारणांनी यायची: जुना कागद हवा झाला की, नाहीतर नवा कागद नकोसा झाला की.

पहिल्या कारभाऱ्यांना सगळे नुसतं 'थोरले' म्हणत. नंतर आलेल्यांना 'धाकटे' म्हणायची कुणाची छाती नव्हती, म्हणून त्यांना 'साहेब' म्हणत. थोरल्यांनी नऊ वर्षं राज्य चालवलं आणि त्या काळात भाषणं जवळजवळ केलीच नाहीत, हा समितीपुढचा मोठा पेच होता. पुतळ्याखाली कोरायला एक धड वाक्य सापडेना. होते ते लोकांचे अर्ज आणि त्यांच्या समासात निळ्या पेन्सिलीने, मुंगीच्या पायांच्या अक्षरात लिहिलेले थोरल्यांचे शेरे. "करा." "का नाही?" "मला दाखवा." "परत तेच?" अशा शेऱ्यांचे चौदाशे बारा अर्ज शिल्लक होते. बाकीचे एका वर्षी छत गळलं तेव्हा भिजून गेले. छताच्या दुरुस्तीचा अर्जही त्यातच होता.

यातल्या बहुतेक कागदांचा उजवा वरचा कोपरा दुमडलेला असायचा. कचेरीत ती पद्धत आजही आहे. आवक विभागात कागद आला की शिक्का मारायच्या आधी कारकून त्याचा कोपरा दुमडतो. नव्या कारकुनाने का म्हणून विचारलं तर जुना सांगतो, "थोरल्यांपासूनचं आहे." कोपरा सरळ असलेला कागद पुढे जात नाही. दुमडलेलाही जातोच असं नाही, पण अर्जदाराला तेवढाच धीर.

अर्जांचं प्रदर्शन भरवायचं ठरलं आणि समितीचे अध्यक्ष स्वतः तळघरात आले. अध्यक्ष म्हणजे निवृत्त प्राचार्य. कडक इस्त्रीचे कपडे, नाकाला रुमाल, आणि चाळीस वर्षं मुलांपुढे बोलल्यामुळे एकट्या माणसाशीही शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात बोलायची सवय.

"हे काय? सगळ्या कागदांचे कान मुडपलेले!"

"तशी पद्धत होती, सर."

"पद्धत होती, प्रदर्शन नव्हतं. थोरले म्हणजे मूर्तिमंत शिस्त. उद्या पोरं बघायला येतील ती काय शिकतील? सरळ करून घ्या सगळे."

"सगळे?"

"बाई, महापुरुष अर्धा सरळ करून चालत नाही."

रेकॉर्डबाई कामाला लागल्या. दुसऱ्या कुणी हे काम अंगाबाहेर टाकलं असतं. त्यांनी मात्र ते घरचं कार्य असल्यासारखं अंगावर घेतलं. ओलसर फडक्याने कोपरा मऊ करायचा, दोन टीपकागदांत धरायचा, आणि वरून घरून आणलेली इस्त्री अगदी कोमट करून फिरवायची. मग गठ्ठा बाइंडरकाकांच्या दाबयंत्रात. तळघराच्या दुसऱ्या टोकाला बसणारे बाइंडरकाका साठीला टेकलेले; बोटांना कायम खळ लागलेली आणि जिभेला कधीच लगाम नाही.

"ताई, सख्ख्या नवऱ्याच्या शर्टाला कधी एवढी माया केली होती का?"

"त्याने शाळा काढली नव्हती, काका."

हे उत्तर त्यांच्या तोंडातून सहज निघालं, पण त्यामागे तीन पिढ्या होत्या.

रेकॉर्डबाईंची आजी मोठ्या दवाखान्याच्या धुलाईघरात होती. दिवसभर गुडघाभर ओल्यात उभं राहून चादरी पिळायच्या. पोर सांभाळायला कुणी नाही, म्हणून सहा वर्षांची मुलगी बरोबर. ती ओल्या कपड्यांच्या ढिगावर बसून असायची आणि महिन्यातले वीस दिवस खोकत असायची. आजीने एकदा थोरल्यांना अर्ज केला, आणि तीन आठवड्यांत धुलाईघराच्या मागच्या खोलीत कामकरी बायकांच्या मुलांचा वर्ग सुरू झाला. ती मुलगी तिथे अक्षर शिकली, पुढे शिक्षिका झाली. तीच रेकॉर्डबाईंची आई, आता चौऱ्याऐंशीची. अजूनही कुठल्याही कागदावर सही केली की पेन खाली ठेवताना म्हणायची, "सही थोरल्यांची बरं का. हात तेवढा माझा."

आजी मात्र तेवढी कृतज्ञ नव्हती. निदान घरच्यांना तसं वाटायचं. शेवटच्या वर्षांत ती अंथरुणाला खिळली आणि आल्यागेल्याला एकच विचारू लागली: "बाक आला का?" कुठला बाक, कुणाचा, कुणालाच कळेना. डॉक्टर म्हणाले, वयाचा परिणाम. एकदा पलंगाशेजारी स्टूल ठेवून तिला सांगितलं, हा बघ आला. तिने पायाने ढकलून दिलं. पुढे घरात ती म्हणच झाली. परीक्षेचा निकाल लांबला, गवंडी सांगून आला नाही, जावयाची बढती अडकली, की कुणीतरी म्हणायचं, "बाक आला का?" आणि सगळे हसायचे.

आजीचा अर्ज रेकॉर्डबाई एकतीस वर्षं शोधत होत्या. तो सहाव्या आठवड्यात, भलत्याच गठ्ठ्यात सापडला. दवाखान्याच्या कंपाउंडरच्या हस्ताक्षरातला, खाली आजीचा अंगठा. आम्ही अकरा बाया दिवसभर उभ्या असतो, माझी पोर ओल्यावर बसून आजारी पडते, तरी धुलाईघरात बसायला एक बाक मिळावा ही विनंती. समासात निळा शेरा: "मुलांसाठी वर्ग सुरू करावा." त्याखाली, काही दिवसांनंतरचा: "वर्ग सुरू. बाक?" आणि त्याखाली एकाखाली एक सात बारीक तारखा.

बाई बराच वेळ तो अंगठा बघत बसल्या. आजी गेली तेव्हा तिच्या बोटांवर रेषा उरल्या नव्हत्या. धुण्याच्या सोड्याने खाऊन टाकल्या होत्या. इथे त्या सगळ्या होत्या.

मग सवयीने त्यांनी त्या कागदाचा कोपराही ओलसर फडक्याने मऊ केला आणि लाडाने त्यावर दोनदा इस्त्री फिरवली.

अर्ज वाचून प्राचार्यांना अवतरणाचा प्रश्न सुटल्याचा साक्षात्कार झाला. "मागितला बाक, दिली शाळा!" ते जिन्यातच गरजले. "बाई, हाच आपला मुख्य फलक! आणि हा शेरा बघा, 'वर्ग सुरू. बाक?' किती मिश्कील! शाळा दिल्यावर आता बाक कशाला, असं म्हणतायत."

"आणि या तारखा, सर?"

"शेवटी आजारी होते ना. औषधं घेतल्याच्या नोंदी असतील."

हे अगदीच पटण्यासारखं नव्हतं, पण बाईंना त्या दिवशी सगळंच पटत होतं. घरी जाऊन त्यांनी आईला सांगितलं तर आईने डोळ्यांना पदर लावला आणि लगेच विचारलं, "प्रदर्शनाला कुठली साडी नेसू?"

चौदाशे बारावा कागद दाबातून निघाला त्याच दुपारी बाइंडरकाका थोरल्यांच्या काळातल्या एका जाड वहीचा पुठ्ठा उसवत होते. जुन्या बाइंडरांची खोड अशी की, पुठ्ठ्याला आतून अस्तर लावायला हाताशी येईल तो कागद चिकटवायचा. काकांनी अस्तर सोडवलं, उलटवलं, वाचलं, आणि बसल्या जागेवरून हाक मारली. आवाजात नेहमीचा खट्याळपणा नव्हता.

"ताई, जरा इकडे या. आणि आधी इस्त्रीचं बटण बंद करा."

ती थोरल्यांच्या हातची सूचना होती, त्यांच्या चिटणिसाला दिलेली:

"काम झाले असे खात्याने कळवले म्हणून अर्जाचा कोपरा दुमडू नये. अर्जदारास समक्ष विचारावे. तो 'झाले' म्हणेल तरच दुमडावा. तोवर कागद दर सोमवारी माझ्यासमोर ठेवावा. पाहिल्याची तारीख मी टाकीन. दुमडलेला कागद पुन्हा मला दाखवू नये. नवे काम पुष्कळ आहे."

बाईंनी ती दोनदा वाचली. दाबयंत्राचा स्क्रू तेवढा करकरला.

"म्हणजे," काका म्हणाले, "थोरल्यांनी कुठलं काम पुरं केलं आणि कुठलं नाही, याची राज्यात एकच नोंद होती. ती कोपऱ्यात होती."

"हो."

"आणि आपण त्यांची नऊ वर्षांची कामगिरी इस्त्री करून टाकली."

रेकॉर्डबाई स्टुलावर बसल्या. एकतीस वर्षांत त्यांच्या हातून एक कागद गहाळ झाला नव्हता. पावसाळ्यात त्यांनी गठ्ठ्यांवर स्वतःची छत्री धरली होती, एकदा उंदराशी समोरासमोर झुंज दिली होती. आणि ज्या माणसामुळे त्यांच्या घरात अक्षर आलं, त्याचं आयुष्यभराचं काम त्यांनी सात आठवडे खपून, कोमट करून, प्रेमाने पुसलं होतं.

"मी हे काय केलं, काका."

"एकट्या कुठे? दाब माझा होता." काकांनी टेबलाच्या खणातून टॉर्च काढला. "पण इतक्यात गळा काढू नका. कागद आणि सासू, एकदा पडलेली घडी विसरत नाहीत. वरून कितीही सरळ दिसू दे."

त्यांनी वरचा एक कागद काचेवर ठेवला आणि टॉर्च अगदी आडवा, कागदाला चाटेल असा धरला. कोपऱ्यात केसाएवढी बारीक सावली उमटली. तिरपी, सरळ, स्वच्छ. घडी होती.

पुढचे नऊ दिवस तळघरात दिवे बंद करून काम चाललं. बाई कागद धरायच्या, काका टॉर्च. घडी दिसली की बाई तो कोपरा हलकेच जुन्या रेषेवर दुमडायच्या आणि मनातल्या मनात म्हणायच्या, झालं. तोवर त्यांनी हे अर्ज कागद म्हणून वाचले होते. आता त्यांची उत्तरं कळत होती. पाणवठ्याच्या पायऱ्या: झालं. आंधळ्या शिक्षकाची नेमणूक: झालं. टपालाची पेटी फार उंच आहे, माझा हात पोचत नाही, हा कुणा बुटक्या माणसाचा अर्ज: झालं. शेजारी थोरल्यांचा शेरा होता, "दोन वीत खाली घेतली. आता मला वाकावे लागते. हरकत नाही."

"काय माणूस होता हो," काका म्हणाले. "आज कुणी अर्जदाराला विचारायला गेलं ना, की बाबा तुझं काम झालं का, तर अर्जदार जागच्या जागी बेशुद्ध पडेल."

चौदाशे बारांपैकी सहा कागदांना घडी नव्हती. दोन अर्जदार वारले होते. दोघांनी मागणी परत घेतली होती. एकाला शेजाऱ्याचा कोंबडा हद्दपार करून हवा होता, त्यावर शेरा होता, "हे राज्याचे काम नव्हे. शेजाऱ्याशी बोला."

सहावा अर्ज आजीचा होता.

"मी याच्यावर दोनदा इस्त्री फिरवली होती," बाई घाईघाईने म्हणाल्या. "घडी गेली असेल. नक्की गेली असेल, काका. वर्ग तर झाला होता, आई तिथेच शिकली."

काकांनी भिंग लावलं. कागद उलटा केला, पुन्हा सुलटा केला. "घडी पडली की आतला धागा तुटतो, ताई. तो इस्त्रीने जुळत नाही. हा कोपरा कोरा आहे. जन्मात दुमडलेला नाही."

बाईंनी कागद हातात घेतला. "वर्ग सुरू. बाक?" त्याखाली सात तारखा. त्यांनी जुनी दिनदर्शिका काढली आणि एकेक तारीख ताडून पाहिली. सातही सोमवार. सातव्या सोमवारनंतरच्या बुधवारी थोरले वारले, हे त्यांना दिनदर्शिका न बघता माहीत होतं.

म्हणजे तो शेरा मिश्कील वगैरे नव्हता. तो सवाल होता. राज्याचा कारभारी, आजारी, बहात्तर वर्षांचा, शाळा देऊन बसला होता आणि तरी सात सोमवार विचारत होता, की बाईने मागितला होता तो बाक कुठे आहे. आणि धुलाईघरात उभी असलेली बाईही जन्मभर तेच विचारत होती. दोघांचं यावर पूर्ण एकमत होतं. मधल्या सगळ्यांनी मात्र शाळा मोजली आणि टाळ्या वाजवल्या.

त्या संध्याकाळी बाई घरी पोचल्या तेव्हा आई खिडकीशी बसून शब्दकोडं सोडवत होती. सगळं ऐकून घेईपर्यंत तिने पेन्सिल खाली ठेवली नाही.

"म्हणजे म्हातारी भ्रमात नव्हती," ती शेवटी म्हणाली.

"नव्हती."

"आणि आपण तिला स्टूल दिलं."

"तिने ढकललं ना पण."

"बरोबर केलं. एक बाक मागितला होता, अकरा जणींसाठी. स्टुलावर किती बसणार?" आई थोडा वेळ कोड्याच्या रिकाम्या चौकोनांकडे बघत राहिली. "आणि आपण हसायचो गं. मीसुद्धा. ज्या अर्जाने मी शिकले, तो मी कधी वाचला नाही."

"आई…"

"प्रदर्शन राहू दे तुझं. मला तो बाक दाखव. मी चौऱ्याऐंशीची आहे, आता सोमवार मोजून वापरायचे दिवस आहेत माझे."

रेकॉर्डबाईंनी एकतीस वर्षांत कुणाकडे काही मागितलं नव्हतं. बदली नाही, पंखा नाही, तळघराला खिडकी तर नाहीच. पण प्रदर्शनाच्या आठवड्यातल्या सोमवारी, दहाच्या ठोक्याला, त्या प्राचार्यांच्या दालनात जाऊन उभ्या राहिल्या आणि दोन्ही कागद त्यांच्यासमोर ठेवले. आधी सूचना, मग अर्ज.

प्राचार्यांनी दोन्ही वाचले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचले.

"कोपरे पुन्हा दुमडलेत तुम्ही?"

"एक हजार चारशे सहा. जिथे थोरल्यांनी दुमडले होते तिथेच."

"आणि आता बाक हवाय."

"हो, सर."

"बाई, अठ्ठ्याहत्तर वर्षांनी? याला वरातीमागून घोडं म्हणतात."

"घोडं नाही, सर. बाक."

"अहो, येत्या गुरुवारी उद्घाटन आहे! फलक रंगवून झालाय. 'मागितला बाक, दिली शाळा.' आठ फुटी!"

"मग त्या फलकाखाली मला एक चिठ्ठी लावावी लागेल, 'प्रलंबित' अशी. रेकॉर्ड रूममधून खोटी नोंद आजवर बाहेर गेलेली नाही. जाताजाता ती सुरुवात नको."

प्राचार्यांची पाचावर धारण बसली. फीत कापायला साहेब येणार होते, आणि त्यांना फलकाखालचं बारीक अक्षर वाचायची किती आवड होती, हे दोघांनाही ठाऊक होतं. ते उठले, खिडकीपर्यंत गेले, परत आले. आणि अचानक, शेवटच्या बाकापर्यंत मुळीच ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाले,

"आमच्या आजोबांनीही एक अर्ज केला होता म्हणे. ओढ्यावर साकव हवा म्हणून. वडील सांगायचे, त्या साकवावरून ते शाळेत जायचे. खरं-खोटं देव जाणे. तसा काही…"

"क्रमांक सहाशे तीस," बाई म्हणाल्या. "घडी आहे. तीन सोमवार लागले."

"तीन का?"

"पहिल्या साकवाला कठडा नव्हता. चिटणीस विचारायला गेला तर तुमचे आजोबा म्हणाले, माझा मुलगा पडला तर तू काढणार का? मी नाही म्हणणार 'झालं'. थोरल्यांचा शेरा आहे, 'बरोबर बोलतो. कठडा लावा.'"

प्राचार्य हसले. या कचेरीत त्यांना हसताना कुणी पाहिलं नव्हतं. त्यांचे दात चांगले होते.

"आजोबाच ते," ते म्हणाले. खुर्चीत बसले. रुमाल काढला, पण नाकाला लावला नाही. "वडील शाळेत गेले नसते तर मी कुठला प्राचार्य होतो, बाई. शेळ्या वळत असतो आणि त्यांनाही भाषणं ठोकत असतो."

समितीच्या दालनाबाहेर एक लांब सागवानी बाक होता. भेटीला आलेल्यांनी त्यावर बसू नये म्हणून त्याच्यावर कुंड्या मांडून ठेवल्या होत्या. प्राचार्यांनी दार उघडून त्याच्याकडे पाहिलं.

"हा चालेल?"

"अकरा जणी नाही बसायच्या. पण थोरले चालवून घेतील."

"मूळ अर्ज माझ्याकडे असू द्या. भांडाराच्या यादीतून बाक सोडवायचा तर कागद लागतो. मी रीतसर करतो सगळं. तुमचा कागद तुम्हाला लिफाफ्यात परत मिळेल."

आणि त्यांनी केलं. बुधवारी दुपारी बाक दवाखान्याच्या धुलाईघरात पोचल्याचा निरोप आला, आणि त्याबरोबर शिपाई एक बंद लिफाफा देऊन गेला. बाईंनी तो तसाच पिशवीत ठेवला. अर्जदाराला विचारल्याशिवाय तो उघडायचा नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. आणि अर्जदार नसला तरी त्याची मुलगी होती. बाइंडरकाका अर्ध्या दिवसाची रजा टाकून आले. आई प्रदर्शनासाठी काढून ठेवलेली साडी नेसून आली.

धुलाईघरात आता पिळायला यंत्रं होती, पण वाळलेल्या चादरींच्या घड्या अजून बायकाच घालत होत्या, उभ्यानेच. बाक खिडकीखाली ठेवला होता. त्यावर तीन बायका आधीच बसल्या होत्या. एकीने चपला काढून पाय वर घेतले होते, एक डबा खात होती, तिसरी मागे डोकं टेकून डोळे मिटून होती. आई त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. बाकावर जागा नव्हती, आणि आईला ते पाहून फारच बरं वाटलेलं दिसलं.

"बरा आहे का गं बाक?" तिने विचारलं.

"बरा आहे की, आजी," डबेवाली म्हणाली. "एक पाय जरा डुगडुगतो."

"डुगडुगेना का," डोळे न उघडता तिसरी म्हणाली. "बारा वर्षं उभी आहे मी इथे. डुगडुगायला तरी मिळालं. कुणी धाडला?"

"माझ्या आईने मागवला होता."

"कधी?"

"मी सहा वर्षांची होते."

तिसरीने डोळे उघडले. तिघींनी आईकडे पाहिलं, एकमेकींकडे पाहिलं, आणि पाय वर घेतलेलीने पाय खाली घेऊन सरकून घेतलं.

"बसा, आजी. तुमचाच आहे मग."

आई बसली. दोन्ही तळवे तिने बाकाच्या फळीवर टेकवले आणि कोपऱ्यातल्या एका जागेकडे बघत राहिली, जिथे आता कपड्यांचा ढीग नव्हता. काकांनी पुठ्ठ्याचा तुकडा चौपदरी करून डुगडुगणाऱ्या पायाखाली सारला.

"झालं?" रेकॉर्डबाईंनी विचारलं. हा शब्द त्यांनी नऊ दिवसांत मनातल्या मनात एक हजार चारशे सहा वेळा म्हटला होता. मोठ्याने पहिल्यांदाच.

आईने शेजारच्या तिघींकडे पाहिलं. त्यांनी मान डोलावली.

"झालं," आई म्हणाली. "आता दुमड."

रेकॉर्डबाईंनी पिशवीतून लिफाफा काढला, कडेने अलगद फाडला, आणि कागद बाहेर घेतला.

कोपरा दुमडलेला होता. शेजारी आवक विभागाचा शिक्का होता: सोमवार, दुपारी तीन वाजून दहा मिनिटं.